तळ्यावरून भट्टीकडे

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

सुका,

आश्रमशाळेत पत्र लिहायला शिकवताना बाईंनी सांगितलं होतं, आधी खुशाली लिहायची आणि मग कारण. तर खुशाली घे. मी बरी आहे. तुझी आई बरी आहे, खोकते, पण ती तू असतानाही खोकतच होती. भात कणगीत भरून ठेवलाय. एक कोंबडी मुंगसानं नेली, तीच ती, तुझ्या पायात पायात यायची. मागचा कूड मी सारवून घेतला. तू तिकडे बरा असशील, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते.

आता कारण. ते नंतर बघू.

तुझा फोन लागत नाही. मुकादमाच्या फोनवर बोलायचं तर सगळी वीटभट्टी कान टवकारून उभी राहते. आणि लागला तरी तू फोनवर 'हां', 'बरं', 'ठेवतो' याच्या पुढं कधी गेलायस? म्हणून पत्र. मिथुन भट्टीसाठी तूस भरून टेम्पो घेऊन येतो, त्याच्याकडे देते. तुला वाचता येतं. उगाच त्याला वाचून दाखवायला लावू नकोस. तुझा चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दिवाळी झाली आणि तुम्ही सगळे जीप भरभरून गेलात, तेव्हापासून पाडा कसा झालाय सांगू? दारांना काठ्या आडव्या. ओट्यावर पाला पडलाय, झाडायला कोणी नाही. म्हातारी माणसं, मी आणि कुत्री. कुत्री पहिले काही दिवस डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन तुमची वाट बघत बसायची. आता तीही जात नाहीत. तिन्हीसांजेला चूल पेटवली की आजूबाजूला दुसरा धूर दिसत नाही रे, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पाखरं उतरली! दरवर्षी असंच होत असणार. पण शाळेत असताना माझे हिवाळे वसतिगृहात गेले, आणि लग्नानंतर तुझ्याबरोबर भट्टीवर. मला कुठून कळणार? माहेर-सासर दोन्ही याच तळ्याच्या काठी आणि हिवाळ्यात ते कसं दिसतं ते आत्ता बघतेय. सकाळी धुकं वर गेलं की पाणी दिसतच नाही, नुसती बदकंच बदकं. थापट्या नावाचं एक आहे, त्याची चोच पुढून गवंड्याच्या थापीसारखी चपटी. दर्पण सरांनी नाव सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की सर म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" आता त्यांना काय सांगणार, की विटा थापणारे दोन थापटे आमच्या घरात आधीच आहेत.

दर्पण सर म्हणजे सरावलीचे, तू पाहिलंयस त्यांना. बोईसरच्या कारखान्यात शिफ्ट करतात आणि सुट्टीला मोटारसायकलवर दुर्बिणीची तिपाई बांधून येतात. ग्रामसभेत उठून त्यांनीच मला हे काम मिळवून दिलं. पाखरं येतात तेव्हापासून जातात तोवर तळ्यावर राहायचं, कोणाला जाळी लावू द्यायची नाहीत, आणि बघायला येणाऱ्यांना फिरवून दाखवायचं. परवा मी पालघरच्या एका बाईला चांदवा दाखवून "हे बदक" म्हटलं. ती म्हणाली, "अहो, ते बदक नव्हेच, त्याचे पाय बघा." पाय पाण्यात! पाय बघायला मी काय पाण्यात बुडी मारू? पण खरं होतं तिचं. शिकतेय.

तुला हे वाचून राग येत असेल. येऊ दे. जीपमध्ये पाय ठेवताना तू काय म्हणालास ते मी विसरले नाही. "पाखरं बगायला बायको घरी बसते, असं कुटं ऐकलंय?" सगळे हसले. तू बोललास त्याचं मला काही नाही. हसणाऱ्यांबरोबर तू पण हसलास, ते मला लागलं.

भट्टीवर एकट्या माणसाला कोणी घेत नाही, हे मला कळतं. एकानं चिखल तुडवायचा, दुसऱ्यानं साचा भरायचा, नवरा-बायकोची जोडी असेल तर काम. मी नाही म्हटल्यावर मुकादमानं तुला कोणाच्या तरी जोडीला लावलं असेल. कोणाच्या, ते मी विचारत नाही. आणि मी का नाही म्हटलं, ते तूही विचारलं नाहीस. सगळ्या पाड्याला सांगते, पाखरांसाठी थांबले. मागच्या साली तिकडून आले तेव्हा मी कशी होते ते तुला माहीत आहे. जाऊ दे.

होळीला येशील ना? एवढंच कळव. मिथुनजवळ तोंडी सांगितलंस तरी चालेल.

पारू


सोमवार, २७ जानेवारी २०२५

सुका,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्याकडून काहीच आलं नाही. मिथुनला विचारलं, त्यानं पत्र वाचलं का? म्हणाला, "वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं." मग काय म्हणाला? "काय नाय म्हनला." वा! धन्य आहेस.

मी न विचारता मिथुननं सांगितलं. म्हटलं ना, तीळ भिजत नाही. तुझ्या जोडीला विक्रमगडकडची दीपा नावाची बाई आहे. नवरा वारलाय. "बाई कामाला चांगली हाय, वैनी," असं तो कौतुकानं सांगत होता आणि मी भाकरी थापत होते. ती भाकरी करपली. आईनं तीच खाल्ली.

मी विचारणार नव्हते. विचारते. ती कशी आहे? तुझ्याशी बोलते का? तू तिच्याशी बोलतोस का? माझ्याशी बोलत नाहीस ते तिच्याशी बोलत असशील, असं मनात येतं आणि माझं डोकं भणाणून जातं. काम करताना दिवसभर समोरासमोर बसायचं असतं, मला माहीत आहे ना. मीच बसायचे.

इकडचं सांगते. काल सव्वीस जानेवारी, त्यात रविवार, मुंबईची आणि बोईसरची माणसं लोटली होती. चक्रवाक आलेत, भगव्या रंगाचे, मोठे, जोडीनं फिरतात. दर्पण सरांनी सगळ्यांना गोष्ट सांगितली की या पाखरांचे नर-मादी रात्री वेगळे होतात आणि सकाळपर्यंत एकमेकांना हाका मारतात. बायका "अय्या, किती छान" म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं करतात. दिवसभर तेच तेच तोंड बघून कंटाळत असतील." सगळे हसले. मी पण हसले. मग बांधाच्या मागं जाऊन जरा बसले.

एक बाई लहान मूल घेऊन आली होती. तिला दुर्बिणीतून बघायचं होतं, म्हणून तिनं ते माझ्या हातात दिलं. विचारलं पण नाही, नुसतं दिलं, आपण पिशवी देतो तसं. चार-पाच महिन्यांचं असेल. टोपरं घातलेलं, तोंडाला दुधाचा वास. माझा पदर धरून बसलं. बाईनं पोटभर बदकं बघितली, मग म्हणाली, "द्या." मी दिलं नाही. म्हणजे द्यायचं होतं, पण हात सैल होईनात. ती हसली आणि काढून घेतलं. दर्पण सर म्हणाले, "पारू, काय झालं?" मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय.

सोमवार फार वाईट जातो. रविवारी इतकी माणसं, इतका गलका, आणि सोमवारी मी आणि पाणी. शेकाट्या नावाचा एक पक्षी आहे, लाल लाल काटकुळ्या पायांचा. तो चिखलातून चालत माझ्या जवळ येतो. मी त्याच्याशी बोलते. हसू नकोस. दिवसभर तोंड न उघडता राहिलं की संध्याकाळी आईशी बोलताना आवाज घोगरा येतो, मग ती विचारते, "रडलीस काय?"

ती मला बोलतेही. "पाखरं बगून संसार होतो का गं? त्याच्या मागं जायचं होतंस. तुमचं दोघांचं काय हाय ते तुमी बोला ना." मी तिला सांगत नाही. तुला सांगायचं तर तू इथं नाहीस, आणि होतास तेव्हाही ते आपल्याला जमलं नाही.

ऐक. शांताराम त्या साली होळीला आला नाही तेव्हा पाड्यानं काय म्हटलं, आठवतंय? "गेला तो." पावसाळ्याआधी त्याची बायको माहेरी निघून गेली, कोणी तिला अडवलं नाही. आपल्याकडे माणूस कुठंही असो, मुंबईला असो, गुजरातला असो, होळीला आपल्या पाड्यावर येतो. नाही आला तर त्यानं घर सोडलं असं समजतात. मीही तसंच समजेन. तू आलास तर आपण नवरा-बायको. नाही आलास तर मला काही सांगायला माणूस पाठवू नकोस, मला कळेल.

रागानं लिहिलंय. पण खोडत नाही.

पारू
(अजून तुझीच आहे, तुला वाटत असेल तर)


सोमवार, १० मार्च २०२५

सुका,

खुशाली आज नाही लिहीत.

काल मिथुन आला. दारातूनच म्हणाला, "सुका होळीला येनार नाय. काम हाय." आई चुलीपुढं होती, तिनं फुंकणी खाली ठेवली. मी "बरं" म्हटलं आणि तळ्यावर निघून आले. तळ्यावर आता फार कोणी उरलं नाही. मोठे थवे गेले, थोडी बदकं मागं राहिलीत, ती पण आज-उद्या उठतील. मी बांधावर बसले आणि मोठमोठ्यानं तुला शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या. तुझ्या आईवरून नाही दिल्या, ती घरात भाकरी करत होती.

मिथुन मागोमाग आला. उभा राहिला, पायानं माती उकरत. मी विचारलं, "ती दीपा जाते का तिच्या गावी होळीला?"

"ती तर आज गेली पन. सगळेच चाललेत. भट्टी बंद ऱ्हाते ना होळीला."

"मग हा तिथं एकटा कसलं काम करणार आहे?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग म्हणाला, "वैनी, तुला सांगू नको म्हनलाय. त्याचं काय डोकं फिरलंय कळत नाय. भट्टीच्या बांधावर ती बाभळ हाय ना, तिच्या बुडाची माती काढायची नाय म्हनतो. मुकादम म्हनला, 'का नाय?', तर सांगत पन नाय. दोघांची झोंबाझोंबी झाली. आता शेठनं होळीच्या सुट्टीत जेसीबी सांगितलाय, सगळी मानसं गेली की बांध साफ करनार. तर हा जाऊन तितंच बसलाय. जेवतो पन तितंच. शेठ म्हनतो, येडा झाला."

मिथुनला काही कळलं नव्हतं. मला कळलं.

सुका, मी तुला काय काय समजले! मला वाटलं, तू विसरलास. मला वाटलं, याला काय, पुरुषाची जात, दुसऱ्या दिवशी चिखलात उतरला. यंदाही जीप आली तसा उठून त्याच भट्टीवर निघालास, तेव्हा मनात आलं, हा माणूस आहे की दगड, त्याच जागी परत कसा जातो? आणि तू त्या बाभळीकडं, तिच्यापाशी जात होतास. ती एकटी पडेल म्हणून जात होतास. मग मला का नाही सांगितलंस रे? एक शब्द सांगायचा होतास. मी तुझ्या आधी जीपमध्ये चढले असते.

नाही, खोटं लिहिलं. नसते चढले. तेच तर सांगायचंय. मी पाखरांसाठी थांबले नाही. पाखरं मला नंतर भेटली. मला त्या मातीत हात घालता येणार नव्हता. तू चिखल करून समोर टाकला असतास आणि प्रत्येक गोळ्याला माझ्या मनात आलं असतं, ही माती कुठली काढली? बाभळीकडची नाही ना? असा साचा कसा भरायचा?

ती सकाळी आली आणि दुपारपर्यंत होती. मुठी आवळलेल्या होत्या, केस होते डोक्यावर, काळे. दवाखान्याची गाडी यायच्या आत गेली. तू तिला माझ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेलास, आणि परत आलास तेव्हा एवढंच म्हणालास, "बाभळीखाली." मी मान हलवली. मग अंगात ताप असतानाच मी पुन्हा साच्यापुढं येऊन बसले, कारण जोडीतलं एक पडून राहिलं तर दुसऱ्याचा चिखल वाळून जातो. तू माझ्याकडं बघत नव्हतास, मी तुझ्याकडं बघत नव्हते. घरी आलो तर सगळ्यांना सांगितलं, पोर जगलं नाही. पोर! मुलगी होती एवढं पण आपण कोणाला सांगितलं नाही.

काल आईला सांगितलं. सगळं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "आणि मी तुला हिवाळाभर पाखरांवरनं बोलत ऱ्हायले." मला जवळ घेतलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला असं कधी घेतलं नव्हतं. दोघी रडलो. शेजारी कोणी नव्हतं ते बरंच झालं.

आणखी एक. आपल्यात मुलाचं नाव शोधत बसावं लागत नाही. ज्या वारी आलं त्या वाराचं. तू शुक्रवारी झालास म्हणून सुका. ती बुधवारी आली. म्हणजे तिला नाव होतं, पहिल्या घटकेपासून होतं, फक्त आपण दोघांनी ते तोंडातून काढलं नाही. काल मिथुन गेल्यावर मी तळ्यावर ते मोठ्यानं म्हणून बघितलं. सगळी बदकं उडाली. एक फेरी मारून परत येऊन बसली. मग मी आणखी एकदा म्हटलं, तेव्हा नाही उडाली.

तर आता नीट वाच. होळीला तू येऊ नकोस. आम्ही येतो. मिथुन हे पत्र तुला देऊन परत येईल आणि आम्हाला टेम्पोत घेऊन निघेल. आईही येतेय. तिनं आजवर एक होळी पाड्याबाहेर केली नाही, पण म्हणाली, "होळी इथंच ऱ्हाते, पळून जात नाय. मला नात बगायची हाय." मी खूप सांगितलं की तिथं बघण्यासारखं काही उरलं नसेल. ऐकत नाही. तिनं आपलं लग्नातलं लुगडं काढून धुऊन वाळत घातलंय, तिला गुंडाळायला.

आपण तिला घरी आणायची. जेसीबी यायच्या आत, आपल्या हातांनी, फावडं लावायचं नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला जागा बघून ठेवलीय, पावसातही तिथवर पाणी चढत नाही. दर्पण सरांना म्हटलं, चार दिवस तळ्याकडं तुम्ही बघा, मला घरचं माणूस आणायला जायचंय. ते "जा" म्हणाले.

दीपाला माझा राग सांगू नकोस. परत भेटली तर विचार, आमच्याकडं पुढच्या होळीला येईल का.

हे सगळं समोर आल्यावर मला बोलता येणार नाही. तुला तर नाहीच नाही. म्हणून आधी लिहून पाठवते. आम्ही आलो की तू काही बोलू नकोस, नुसता सरकून जागा दे. तोवर तिथून उठू नकोस, सुका. कोणी काही म्हणो.

येते.

बुधीची आई